सुकी मासळी: पारखायची, खारवायची आणि पावसाळाभर टिकवायची

सुकी मासळी पहिल्यांदाच घरात येणार असेल, तर ‘वास यायचाच, सवय होईल’ हे ऐकून गप्प बसू नका. चांगल्या सुकटीला, म्हणजे सुक्या मासळीला, वास असतो, पण तो खाऱ्या वाऱ्याचा असतो आणि तव्यावर भाजली की भूक चाळवतो. नाकात झोंबणारा, कुबट किंवा खवट वास ही बिघाडाची खूण आहे. सुकटीला असा वास असतोच, हे गृहीत धरल्यामुळेच वाईट माल वर्षानुवर्षं खपत आला आहे.

हे मार्गदर्शन दोघांसाठी आहे: बाजारातून सुकी मासळी आणणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकासाठी, आणि घरी चार-पाच किलो बांगडे खारवून पाहायची इच्छा असलेल्यांसाठी. उदाहरणं कोकण किनाऱ्याची आहेत, कारण डहाणू-सातपाटीपासून वसई, उत्तन, वर्सोवा, पुढे अलिबाग, मुरुड, हर्णै, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यातलं निवडणं, खारवणं, वाळवणं आणि विकणं बहुतांशी बायकांच्या हातात आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. मीठ आणि ऊन मासळीला सुधारत नाहीत. ती ज्या अवस्थेत हाती आली, त्याच अवस्थेत तिला थांबवून धरतात. दोघांचं काम एकच, जंतूंना लागणारं पाणी काढून घेणं. मासळी आधीच उतरलेली असेल, तर तुम्ही तो उतार टिकवून ठेवता, एवढंच. जुनी रीत अशी होती की उत्तम मासळी लिलावात जायची आणि दुपारपर्यंत जी उरली, जिचं पोट सुटलं, ती मिठात जायची. बर्फ मिळत नव्हता आणि माल फेकून देणं परवडत नव्हतं, तेव्हा ती रीत समजण्यासारखी होती. आज किलोला चांगले पैसे मोजून सुकट घेणाऱ्याने ओल्या मासळीकडून जेवढी अपेक्षा ठेवतो, तेवढीच सुक्या मासळीकडूनही ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

काय नुसतं वाळवतात, काय खारवतात

बोंबील, जवळा (अगदी बारीक कोळंबी), सोडे (सोललेली कोळंबी), मांदेली आणि वाकटी बहुधा मिठाशिवाय वाळवतात, कारण ही मासळी लहान किंवा पातळ असते आणि वारा-उन्हाने एक-दोन दिवसांत बरंचसं पाणी निघून जातं. बांगडा, सुरमई, मुशी (लहान शार्क) यांचं मांस जाड. नुसत्या उन्हात ठेवलं तर वरून सुकेपर्यंत आतून सडतं, म्हणून आधी मीठ आणि मग ऊन.

ताज्या बोंबलात जवळपास ८८ टक्के पाणी असतं. किलोभर कडक सुके बोंबील व्हायला साधारण ७ किलो ओले लागतात, हा हिशेब डोक्यात ठेवा. सोड्यांचंही तसंच: कोळंबीचं डोकं, टरफल काढायचं आणि मग राहिलेल्या मांसातलं पाणी आटवायचं, म्हणजे किलोभर सोड्यांमागे सात-आठ किलो कोळंबी जाते. फारच स्वस्त सोडे किंवा बोंबील दिसले, तर त्यात पाणी राहिलेलं आहे किंवा मूळ माल उतरलेला होता, असं समजायला हरकत नाही.

पायरी १: बाजारात पारख

खरेदीचा काळ ठरलेला आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी एप्रिल-मे महिन्यांत भरली जाते. गोव्यात मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात (पावसाळी बेगमीच्या जत्रेत) खारं (खारवलेली मासळी) आणि सुंगटं (सुकी कोळंबी) विकायला येतात, तीही याच कारणासाठी. बोंबील मात्र थंडीत सुकलेला घ्यावा. त्या दिवसांत उत्तरेकडचा कोरडा वारा असतो, ऊन फार कडक नसतं, आणि माशांच्या अंगातलं पाणी सावकाश, सारखं निघतं. मे महिन्यात दुकानदाराला हा माल कधीचा आहे, हे विचारा. थंडीतला आहे म्हणाला तर पुढचा प्रश्न: तेव्हापासून ठेवला कुठे होता?

बोंबील हातात घेऊन वाकवा. नीट सुकलेला बोंबील जोर दिला की मोडतो. वाकून तसाच राहिला तर आत ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि आठवड्याभरात त्याच ओलीवर बुरशी येणार. रंग रुपेरी-पांढरट ते फिकट मलईसारखा असावा. पिवळा-तपकिरी झालेला असेल तर तो जुना आहे. किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. असा टांगून सुकलेला मासा लांब, सरळ आणि सगळीकडून सारखा दिसतो. जमिनीवर पसरून वाळवलेला एका अंगाने चपटा होतो, त्या बाजूला बोट फिरवलं की वाळू लागते. मागून घ्यायचा तो दोरीवरचाच.

जवळा मूठभर घेऊन तळहातावर चोळा. सुटा सुटा, हलका, फिकट गुलाबी हवा. गोळा होत असेल तर दमटला आहे. मग चिमूटभर पेलाभर पाण्यात टाका आणि मिनिटभर थांबा. तळाशी वाळूचा थर बसला, तर तो जवळा कुठे वाळत घातला होता हे कळलंच. जुन्या पद्धतीत शेणाने सारवलेल्या खळ्यावर किंवा थेट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जवळा पसरत. दिसायला ती जागा स्वच्छ असते, पण शेणातले जंतू जवळ्याला लागतात, आणि त्यातले साल्मोनेलासारखे काही जंतू कोरड्या मासळीत आठवडेच्या आठवडे जगतात. सिमेंटच्या ओट्यावर, ताणलेल्या जाळ्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर वाळवलेला जवळा मिळत असेल, तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

सोड्यांत रंगाची फसवणूक होते. कोमट पाण्यात दोन सोडे टाका. नैसर्गिक रंग सावकाश आणि जेमतेम उतरतो. टाकल्या टाकल्या पाणी नारिंगी झालं, तर वरून रंग लावला आहे.

खारा बांगडा उलटून पोटाकडची बाजू बघा. पोट फाटलेलं, फासळ्यांपासून मांस सुटलेलं असेल, तर मिठात जाण्याआधीच तो मऊ पडला होता. उभा चिरलेला असेल तर कण्याजवळ पाहा. कण्याला लागून तांबूस-तपकिरी पट्टा म्हणजे मासा साफ करायला उशीर झाला. अंगठ्याने जाड भाग दाबा, खळगा पडून राहू नये. कडा पिवळ्या-तपकिरी, गंजल्यासारख्या आणि वास जुन्या तेलाचा असेल, तर त्यातली चरबी खवट झाली आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत हे लवकर होतं. धुऊन किंवा तळून ते जात नाही.

नाकात झोंबणारा अमोनियाचा वास ही बिघाडाची खूण, पण तिला एक अपवाद आहे. मुशीच्या अंगात मुळातच युरिया असतो आणि त्याचा अमोनिया होतो, म्हणून खारवलेल्या मुशीला थोडा झणका असणारच. बोंबील, बांगडा किंवा सोडे यांना तसा झणका आला, तर टोपली मागे सारा. हा वास कोरड्या मालात लपू शकतो. शंका आली तर एक तुकडा गरम पाण्यात टाका आणि वाफ हुंगा.

टोपलीच्या तळाकडेही नजर टाका. तळाशी बारीक भुकटी साचली असेल, माशांना भोकं पडलेली असतील किंवा तपकिरी केसाळ अळी दिसली, तर तो माल भुंगेऱ्यांनी पोखरला आहे. वरचे दोन थर चांगले दिसतात म्हणून घेऊ नका, अंडी सगळीकडे असतात.

‘माशी बसत नाही, म्हणजे औषध मारलेलं आहे’ असं बरेच लोक सांगतात. यावर विसंबू नका. भरपूर मीठ असलेल्या पूर्ण कोरड्या माशाकडे घरमाशी तशीही फारशी फिरकत नाही. उलट माश्या घोंघावत असतील तर माल ओला आहे, एवढं नक्की. सुकट किडू नये म्हणून कीटकनाशक फवारण्याचे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्याला उपाय एकच: कुठे वाळतं, कोण वाळवतं हे माहीत असलेल्या घरातून किंवा विक्रेतीकडून घेणं. पाकीटबंद माल घेताना त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख पाहा.

मासळी ताजी दिसावी म्हणून लावल्या जाणाऱ्या फॉर्मेलिन या विषारी रसायनाचीही भीती आहे, आणि २०१८ मध्ये गोव्यात त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी तपासणीच्या पट्ट्या तयार केल्या आहेत. मात्र बोंबलाच्या अंगात साठवणीच्या काळात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलंच द्रव्य, आपोआपही तयार होतं. त्यामुळे बोंबलावर पट्टीने थोडा रंग दाखवला म्हणून विक्रेतीवर भेसळीचा आरोप करणं न्यायाचं नाही. शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

पायरी २: घरी खारवायला मासा निवडणं

पहिल्या खेपेला बांगडा घ्या. स्वस्त, मध्यम आकाराचा आणि चुका सहन करणारा मासा आहे. पण एका बाबतीत त्याच्याशी अजिबात हयगय नको, आणि तो मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा.

बांगडा, सुरमई, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिला, की जंतू त्यातून हिस्टामिन तयार करतात. काही तासांत हे होऊ शकतं, आणि तोवर मासा दिसायला ठीकच असतो. एकदा हिस्टामिन तयार झालं की मीठ, ऊन, तळणं, उकळणं, फ्रीझर, यांपैकी कशानेही ते नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा-मान लाल होते, अंगाला खाज सुटते, पित्त उठल्यासारखे चट्टे येतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते. लोकांना वाटतं मासे बाधले, अंगात उष्णता झाली. खरं कारण बहुतेकदा होडीवरच्या किंवा बंदरावरच्या त्या काही तासांत असतं. त्रास वाढला, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

म्हणून बांगडा बर्फातला घ्या, डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, पोट घट्ट. घरी आणताना मासा आणि बर्फ निम्मे-निम्मे असावेत. आणल्या दिवशीच, शक्य तर तासाभरात, कामाला बसा. ‘उद्या रविवार आहे, उद्या करू’ म्हणून बाहेर ठेवलेला बांगडा खारवू नका.

पायरी ३: चिरणं आणि धुणं

डोकं ठेवलंत तरी कल्ले काढाच. सगळ्यात आधी तेच सडतात. पाठीच्या बाजूने कण्यालगत चिरून मासा पुस्तकासारखा उघडा. पोटातली घाण, कण्याच्या खालचं साकळलेलं रक्त आणि पोटाच्या आतला काळा पडदा नखाने खरवडून काढा. पोट साफ न करता अख्खा मासा खारवणं धोक्याचं आहे. मीठ आतपर्यंत पोचायच्या आधी आतड्यांतले जंतू वाढतात, त्यांत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतूही असू शकतो.

सुरमई असेल तर बोटभर जाडीच्या तुकड्या करा आणि जाड भागाला आडव्या चिरा द्या.

धुवायला पिण्यायोग्य पाणीच वापरा. बंदरातलं पाणी, जेटीच्या कडेचं समुद्राचं पाणी नको. तिथे डिझेल आणि गटार दोन्ही उतरतात. धुतल्यावर चाळणीत उभे करून अर्धा तास निथळू द्या. पाटी, सुरी, हात साबणाने स्वच्छ असावेत, आणि हाताला जखम किंवा पोटाची तक्रार असलेल्याने हे काम त्या दिवशी करू नये.

पायरी ४: मीठ

३ किलो साफ मासळीला १ किलो मीठ हे प्रमाण घ्या. मीठ वाचवायला गेलात तर सगळंच फुकट जातं. अर्धवट खारवलेला मासा ताज्यापेक्षाही जास्त धोकादायक असतो, कारण आपण त्याच्याबाबत निर्धास्त असतो.

मिठागरातलं जाडं मीठ चालतं, पण पाहून घ्या. मातकट, ओलसर, कडवट मिठात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि मीठ मांसात शिरायला उशीर लावतात. दुसरं म्हणजे, उन्हात पिकवलेल्या मिठात तांबडे मीठप्रेमी जंतू असतात. खाऱ्या माशावर पुढे गुलाबी-लाल डाग पडतात, ते यांच्यामुळे. त्यावर घरगुती उपाय सोपा आहे. मीठ कढईत चांगलं तापेपर्यंत कोरडं भाजा, गार करा आणि मग वापरा. नुसतं टेबलावरचं बारीक मीठ वापरू नका. ते वरवरचं पाणी झपाट्याने ओढून मांसाचा वरचा थर घट्ट करतं आणि आत मीठ पोचत नाही. भाजलेलं जाडं मीठ खलबत्त्यात थोडं कुटून घेतलं की बरोबर पोत येतो.

प्लॅस्टिकचं खाण्याच्या दर्जाचं भांडं, काचेची किंवा चिनीमातीची बरणी घ्या. पत्र्याचा डबा आणि ॲल्युमिनियम नको, मीठ ते खातं. तळाला बोटभर मीठ, त्यावर माशांचा थर, कातडी खाली आणि मांस वर, मग मीठ, असं रचत जा. शेवटचा थर उलटा, कातडी वर. वरून स्वच्छ ताटली आणि तिच्यावर वजन. काही तासांत माशातलं पाणी सुटून खारं पाणी वर येतं. सगळे मासे त्यात बुडालेले राहिले पाहिजेत. जो तुकडा वर तरंगतो, तो आधी सडतो.

पाणी कमी पडलं तर घट्ट मीठपाणी करून ओता. १ लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. तळाशी न विरघळलेले खडे राहिले की पाणी पुरेसं झालं. अंडं तरंगलं की मीठपाणी तयार, हा सांगोवांगीचा नियम इथे चालत नाही, कारण अंडं १२ टक्क्यांच्या आसपासच तरंगू लागतं आणि पूर्ण घट्ट मीठपाण्यात २६ टक्के मीठ असतं.

भांडं झाकून घरातल्या सर्वांत गार जागी ठेवा. फ्रीजमध्ये जागा असेल तर उत्तम. चिरलेल्या बांगड्याला १ दिवस, सुरमईच्या तुकड्यांना २ दिवस. बाहेर काढताना साध्या पाण्याने धुऊ नका, मुरलेलं मीठ निघून जाईल. ताज्या मीठपाण्यात एकदा बुचकळून वरचे खडे झटका आणि निथळत ठेवा. वापरलेलं मीठ पुन्हा वापरायचं नाही.

पायरी ५: वाळवणं

जमिनीपासून निदान कमरेएवढ्या उंचीवर, ताणलेल्या नायलॉनच्या जाळ्यावर मासे मांडा, म्हणजे खालून-वरून वारा लागतो. वरून मच्छरदाणीसारखं बारीक जाळं माशांना न टेकता ताणा. निळ्या-हिरव्या माश्या अंडी घालतात ती पहिल्या दिवशी, मासा ओला असताना. तेवढा दिवस सांभाळला की निम्मं काम झालं. छपराचे पत्रे, रस्त्याची कड, छापील वर्तमानपत्र, खताच्या गोणी, यांवर मासळी घालू नये.

ऊन जेवढं कडक तेवढं चांगलं, असं नवख्यांना वाटतं. मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हात माशाचं वरचं मांस शिजतं आणि कडक पापुद्रा धरतं. मग आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही. वरून खडखडीत आणि आतून ओला असा मासा पावसाळ्यात हमखास सडतो. दुपारी १२ ते ३ सावलीत पण वाऱ्यावर ठेवा, आणि दर दोन-तीन तासांनी उलटा. संध्याकाळी आत घ्या, एकावर एक रचून वर हलकं वजन ठेवा. रात्रभरात आतली ओल पृष्ठभागावर येते आणि दुसऱ्या दिवशी निघून जाते.

चांगल्या उन्हाचे तीन ते पाच दिवस लागतात. झालं का, हे वजनाने ठरवा. एक मासा खुणेचा ठेवा आणि रोज संध्याकाळी तोलून पाहा. दोन दिवस लागोपाठ वजन उतरलं नाही की वाळवण संपलं.

अवेळी पाऊस आला, तर अर्धे सुकलेले मासे झाकून कोंडून ठेवू नका. पंख्याखाली पसरा. दोन दिवसांत ऊन पडलं नाही, तर तळून खाऊन टाका किंवा फ्रीझरमध्ये घाला.

जवळा घरी करायचा असेल तर मीठ लागत नाही. धुऊन, निथळून जाळ्यावर अगदी पातळ पसरायचा, सारखा हलवत राहायचा. चांगल्या उन्हात एका दिवसात होतो. बोंबील घरी सुकवायच्या भानगडीत नवख्यांनी पडू नये. त्याला किनाऱ्यावरचाच वारा लागतो.

पायरी ६: पावसाळ्यातली साठवण

बहुतेक सुकट घरी आल्यावर बिघडते आणि दोष विक्रेतीच्या माथी येतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे मीठदाणीत आपण दर पावसाळ्यात पाहतो. कोकणात जून-जुलैत हवा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणजे खारा बांगडा उघड्यावर ठेवला तर तो स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतो. मिठाशिवायचे बोंबीलही ओल धरतातच, आणि त्यांना वाचवायला मीठही नसतं.

तेव्हा मे महिन्यातच सगळी सुकट एकदा ऊन दाखवून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डबा लावला तर आतल्या वाफेचं पाणी होतं. मग थोड्या थोड्या मापाच्या हवाबंद बरण्यांत किंवा जाड पिशव्यांत भरा, हवा काढून तोंड बंद करा. खारं आणि बिनमिठाचं एकत्र ठेवू नका. एकाच मोठ्या डब्यातून रोज काढलंत, तर रोज ओली हवा आत शिरते. रोजच्या वापराची बरणी वेगळी काढा. गोणपाटात आणि टोपलीत महिनोन्‌महिने ठेवायची पद्धत आता सोडून द्यावी, भुंगेऱ्यांना तीच जागा आवडते.

फ्रीझर असेल तर निःशंकपणे वापरा. उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवल्याने अळ्या आणि अंडी मरतात, आणि तेलकट मासळीचा खवटपणाही लांबतो. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. कडुनिंबाचा पाला घालायची चाल आहे. त्यावर भरवसा ठेवून ओला माल भरू नये.

पावसात मध्येच दमट वाटलं, तर मंद तव्यावर कोरडं भाजून, गार करून पुन्हा भरा. पण हे फक्त दमटपणासाठी. हिरवी-काळी बुरशी, माशावर पसरलेली तपकिरी भुकटी, किंवा चिकट गुलाबी थर दिसला तर टाकून द्या. पुसून, ऊन दाखवून, तळून खायची सवय अनेक घरांत आहे. बुरशीची काही विषं तळण्याने जात नाहीत, आणि गुलाबी थर आला म्हणजे मासा ओलसर आणि उबदार जागी बराच काळ पडून होता.

पायरी ७: शिजवण्याआधी

जवळा आधी सुपात पाखडून निवडा, त्यात खेकड्याची पिल्लं, काड्या, शिंपले येतात. मग कोरडा भाजा, गार करून तळहातावर चोळा, पुन्हा पाखडा आणि एकदाच झटपट पाण्यातून काढा. बोंबलाचं डोकं, शेपूट, पर कापून, तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवले की वाळू खाली बसते. सोड्यांना कोमट पाण्यात अर्धा तास पुरतो. उन्हात वाळवलेली मासळी शिजलेली नसते, जंतू मेलेले नसतात, फक्त झोपलेले असतात. म्हणून किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) करायची असली तरी जवळा नीट खरपूस भाजलाच पाहिजे, कच्चा तोंडात टाकायचा नाही. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला जवळा आणि सोडेही चालत नाहीत, भाजल्याने ॲलर्जी कमी होत नाही.

खाऱ्या बांगड्यातलं मीठ उतरवायला वेळ द्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि न भिजवलेल्या खाऱ्या माशाच्या एका तुकडीतच त्यातला मोठा वाटा संपतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ताटात घ्यावा. बाकीच्यांनी भरपूर गार पाण्यात तासभर भिजवावा, पाणी बदलावं, पुन्हा तासभर, आणि जाड सुरमई असेल तर तिसऱ्यांदा. एक बारीक कण चाखून बघा, मगच आमटीत घाला, आणि आमटीचं मीठ सगळ्यात शेवटी. भिजवलेलं पाणी मोरीत ओता, कुंड्यांना घालू नका, झाडं मरतील.